फुली तिथे काळं

काजळीला एक बरंसं नाव आहे. शाळेच्या दाखल्यावर आणि विजेच्या बिलावर ते व्यवस्थित छापलेलं असतं. पण कामाच्या ठिकाणी कुणी त्या नावाने हाक मारली, तर ती मानसुद्धा वर करणार नाही. तिला वाटेल, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत. उजव्या हाताची तीन बोटं नखांच्या मुळापर्यंत काळी, साबणाने जात नाहीत की लिंबाने जात नाहीत. म्हणून तिथल्या अक्षरवाल्या काकांनी, म्हणजे चित्रकथेतल्या फुग्यांमध्ये संवाद लिहिणाऱ्या गृहस्थांनी, तिचं हे नाव ठेवलं. त्याला बावीस वर्षं झाली.

तिचं काम सांगायला सोपं आहे, आणि ऐकून कुणालाही ते काम वाटत नाही. तिचे सख्खे मामा एका चित्रकथा-मासिकाचे चित्रकार. महिन्याला बत्तीस पानं. मामा आधी पेन्सिलीने चित्र काढतात, मग त्यावर टाकाने शाईची रेघ फिरवतात, आणि जिथे भरीव काळं हवं, म्हणजे झगे, सावल्या, रात्रीचं आभाळ, तिथे निळ्या पेन्सिलीने एक बारीक फुली मारतात. निळी पेन्सिल छपाईत उमटत नाही. पान मग काजळीच्या टेबलावर येतं आणि ती फुली असलेली प्रत्येक जागा ब्रशने काळी करते. मामांनी पहिल्या दिवशी तिला नियम सांगितला तो एका ओळीचा होता: फुली तिथे काळं, विचारत बसायचं नाही. "फुली मारली म्हणजे माझा विचार करून झालेला असतो," असंही वर ऐकवलं होतं.

तिची मुलगी लहान होती तेव्हा नवा अंक घरी आला की विचारायची, "आई, यातलं तू काय काढलंस?"

"काळं."

"सगळं काळं?"

"सगळं."

मुलगी खूश व्हायची. आता ती नववीत आहे आणि विचारत नाही.

कचेरी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पुढच्या खोलीत संपादकबाई, मधल्या खोलीत मामा, मागच्या खोलीत काजळी आणि काका. सगळं जग संगणकाच्या पडद्यावर चित्रं काढायला लागलं तरी इथे अजून जाड कागद, टाक आणि शाईच्या बाटल्या चालतात, कारण मामा चालतात. 'पंचशिखा' ही त्यांची मालिका, पाच महावीरांची. त्यांची म्होरकी शलाका, जी विजेच्या रेघेसारखी पळते आणि कुणाला घाबरत नाही. ती कधी घाबरलेली नाही हे वाचकांना पाठ आहे.

आठ महिन्यांपूर्वी काजळीकडे एक पान आलं, त्यात शलाकाचा डावा डोळा गालावर उतरला होता.

काजळीला आधी हसू आलं. चुकतो माणूस, रोज एक पान काढतो, एखादा डोळा घसरायचाच. दुसऱ्या दिवशीच्या पानात दुसऱ्या एका वीराचं तोंड कानाखाली गेलं होतं. तेव्हा तिचं हसू गेलं आणि ती मामांकडे बघायला लागली. मामा चहाचा कप उचलायला हात घालत तो कपाच्या शेजारी. भिंतीवरचं कॅलेंडर वाचताना कोंबडीसारखी मान वाकडी करत. समोरच्याशी बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या कानावर. काजळीच्या आजीचं म्हातारपणी असंच झालं होतं. डोळ्याच्या मधोमध डाग धरतो, बघाल तिथलंच दिसत नाही, कडा तेवढ्या दिसत राहतात. दाराची चौकट दिसते, दारात कोण आलंय ते दिसत नाही.

आता खरं म्हणजे शहाण्या माणसाने काय करावं? मामांना विचारावं. काजळीने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली, घसरलेला डोळा झाकला आणि त्यावर जागच्या जागी नवा काढला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मामांना वाईट वाटायला नको, संपादकबाईंना कळायला नको. त्यानंतर एकही पान तिने तसंच सोडलं नाही. आठ महिने पंचशिखांचे चेहरे मामांच्या नावावर आणि काजळीच्या हातचे छापले जात होते.

आणि एक गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती, ती इथे सांगून टाकतो. तिला ते आवडत होतं. बावीस वर्षं काळं भरणाऱ्या बाईला डोळे काढायला मिळाले, तर तिला आवडणारच. मामांबद्दलची दया आणि स्वतःची हौस या दोन्हींची तिच्या मनात इतकी सरमिसळ झाली होती की कुठली कुठे संपते ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्यात खप घसरला. वाचकांची पत्रं आली की मालिका शिळी झाली. संपादकबाई मनाने वाईट नाहीत, पण मासिक चालवायचं तर गोड बोलून भागत नाही. त्यांनी मामांना सरळ सांगितलं, "एक जबरदस्त खलनायक द्या, मामा. हा अंक उचलला गेला तर मालिका तुमची. नाही तर पुढच्या महिन्यापासून मी ती पडद्यावर काढणाऱ्यांकडे देणार. मला दुसरा इलाज नाही."

मामा अडुसष्ट वर्षांचे. मामी जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. टेबलावरून उठवलं तर हा माणूस घरी जाऊन करणार काय, या विचाराने काजळीचं जेवणावरचं मन उडालं.

मामांनी मात्र खलनायक दिला, आणि असा दिला की संपादकबाईंनी पानं दोनदा उलटून बघितली. त्याचं नाव वरवंटा. धिप्पाड म्हणावं तर तो शब्द त्याला तोकडा पडेल. खांदे पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, हात खांबांएवढे, आणि डोकं खांद्यांत इतकं बुडालेलं की चेहरा नाहीच. तो बोलत नाही, विचार करत नाही, धरतो आणि चिरडतो. पहिल्या दहा पानांत त्याने पाचांपैकी तिघांना भिंतीत गाडलं. काका खुशीत होते. "असे खलनायक पाहिजेत," ते म्हणाले. "बत्तीस पानांत 'हूं' आणि 'ह्यॅ' एवढंच बोलतो. माझं महिन्याचं काम दोन दिवसांत."

काजळी हसली नाही. वरवंट्याला चेहरा का नाही, हे त्या इमारतीत तिला एकटीलाच कळलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

अंक पाठवायच्या दिवशी छापखान्याचा माणूस चार वाजता येणार होता. दुपारी दीड वाजता एकतिसावं पान तिच्या टेबलावर आलं. पूर्ण पानभर एकच चित्र. वरवंट्याने शलाकाला गळ्याशी धरून वर उचललंय. पाय लोंबकळतायत, मागे पडकी भिंत. अंकातलं सगळ्यात मोठं पान ते हेच. अंक उचलला जाईल की नाही याचा अंदाज संपादकबाई याच पानावरून बांधणार होत्या, आणि आज त्या पुढच्या खोलीत न बसता मधल्या खोलीत मामांच्या समोरच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

काजळीने ब्रश ओला केला आणि फुल्या शोधायला लागली. वरवंट्याच्या पाठीवर फुली, भिंतीच्या भेगांत फुल्या, जमिनीवरच्या सावलीत फुली. आणि एक फुली शलाकाच्या डोक्यावर. अर्धी केसांत, अर्धी कपाळावर.

तिचा हात थांबला. केस काळे करायचे हे उघड आहे, गेली बावीस वर्षं शलाकाचे केस काळेच आहेत. पण फुलीचा दुसरा पाय चेहऱ्यात होता, आणि चेहऱ्यात दुसरं काहीच नव्हतं. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. नुसती कडेची रेघ. तिने पान उजेडाला तिरकं धरलं. पेन्सिलीने काहीतरी काढून खोडल्याच्या खुणा दिसत होत्या, एकदा नाही, तीन-चारदा खोडलेलं. कागदाचा पापुद्रा निघाला होता.

म्हणजे मामांनी प्रयत्न केला, जमलं नाही, आणि चेहरा तसाच राहिला. की त्यांना चेहरा काळा हवाय? या महिन्यात त्यांच्या तीन फुल्या घसरल्या होत्या. एक तर झग्याऐवजी आभाळात पडली होती, ती तिने डोकं वापरून बरोबर जागी मानली होती. ही पण घसरलेलीच असणार. पण नसली तर? काळं भरलं आणि फुली घसरलेली निघाली, तर अंकातलं सगळ्यात मोठं पान वाया, मामांचं बिंग फुटलं आणि मालिका गेली. नाही भरलं आणि फुली खरी निघाली, तर मामांचं पान तिने बिघडवलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

विचारावं तर संपादकबाई समोर बसलेल्या. 'मामा, ही फुली केसांची की चेहऱ्याची?' असं विचारणं म्हणजे तुम्हाला दिसत नाही हे त्यांच्यासमोर जाहीर करणं. तरी ती उठली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी दारात जाऊन उभी राहिली.

"मामा, एकतीसवर काही सांगायचं होतं का?"

मामांनी मान तिच्या बाजूला वळवली, थोडी जास्तच. "काय सांगायचंय? फुल्या आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं."

संपादकबाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग काजळीकडे. "काही अडचण आहे का गं?"

"नाही मॅडम. सहज विचारलं."

ती परत आली. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. काकांनी चष्म्यावरून बघितलं. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

तिने ठरवलं. फुली केसांची. चेहरा आपण काढायचा.

पाऊण तास ती त्या चेहऱ्यावर होती. इतके दिवस ती मामांचे जुने डोळे आठवून आठवून काढत आली होती, पण मान आवळलेली असताना डोळे कसे दिसतात ते मामांच्या कुठल्याच जुन्या अंकात नव्हतं. तिने हाताला यायचं तसं येऊ दिलं. तिला स्वतःला त्या घटकेला जेवढी भीती वाटत होती तेवढी त्या डोळ्यांत उतरली. शलाका वाचकाकडे बघत होती, आणि आपण यातून सुटणार नाही हे तिला कळलेलं होतं. काजळीने ब्रश खाली ठेवला. आपण आयुष्यात काढलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे, हे तिला बघताक्षणी समजलं आणि तिला फार आनंद झाला. मग तिने केस आणि बाकीच्या फुल्या काळ्या केल्या, आणि तीन वाजता पान मधल्या खोलीत नेऊन संपादकबाईंच्या हातात दिलं.

संपादकबाईंनी पान हातभर लांब धरलं.

"मामा," त्या म्हणाल्या, "बावीस वर्षांत मी शलाकाला घाबरलेलं बघितलं नव्हतं. हे डोळे बघून मलाच कसंतरी झालं. हे पान मुखपृष्ठावर घेते मी."

काजळीचा जीव भांड्यात पडला. तो जेमतेम क्षणभर तिथे राहिला.

"डोळे?" मामा म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. संपादकबाईंनी पान दिलं. मामांनी ते कानाशी नेल्यासारखं बाजूला धरलं, मान वळवली आणि कडेच्या नजरेने वरून खाली बघितलं. संपादकबाई ते बघत होत्या. मामा काहीच लपवत नव्हते.

"मी डोळे काढले नाहीत," मामा म्हणाले. "मी तिथे फुली मारली होती."

"मामा, मला वाटलं केसांची—"

"केसांना फुली लागते का, बाळ? केस तू बावीस वर्षं न सांगता काळे करतेस."

ते खरं होतं. केसांवर फुली कधीच नसायची. ही गोष्ट तिच्या हाताला इतकी पाठ होती की डोक्याला आठवलीच नाही. मामांच्या चुका सावरायची सवय एवढी लागली होती की ऐन वेळी तिला चुकीशिवाय दुसरं काही दिसलंच नाही.

"हे कुणी काढलेत मग?" संपादकबाईंनी विचारलं.

काजळी पटकन म्हणाली, "मामांनीच. ते विसरले असतील."

"तिने," मामा म्हणाले. "आठ महिने सगळे चेहरे तीच काढते. मला मधलं काही दिसत नाही, मॅडम. सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. चूक माझी." मग ते काजळीकडे, म्हणजे तिच्या कानाकडे, वळले. "तुला वाटलं मला माहीत नाही? पान परत आलं की मी बोटाने चाचपतो. पांढरा रंग वाळला की हाताला लागतो गं. प्रत्येक पानावर लागायचा. वाट बघत होतो, आज बोलशील, उद्या बोलशील."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग? माझं होतं ते वाईट, मला वाटू द्यायचं होतंस. तू तेही माझ्या हातात ठेवलं नाहीस."

मामांनी पान मांडीवर ठेवलं. "हा चेहरा मी चार वेळा काढला आणि चार वेळा खोडला. मग म्हटलं, आपल्याला दिसत नाही ना, मग दिसतंय असं सोंग कशाला? वरवंट्याची सावली पडलीय तिच्यावर, चेहरा काळाच असणार. फुली मारली. आठ महिन्यांत हे एवढं एकच पान माझं होतं." त्यांनी पान पुढे केलं. "भर ते."

"मामा, अहो, इतकं चांगलं..." संपादकबाई बोलायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

काजळी पान घेऊन मामांच्याच टेबलाशी बसली. काकाही दारात येऊन उभे राहिले होते. तिने मामांचा ब्रश घेतला, शाईत बुडवला आणि वर बघितलं. मामांच्या मागे उभ्या राहून संपादकबाई मान हलवत होत्या. नको. त्यांनी तळहात आडवा धरला. भरू नकोस. मग आवाज न करता ओठांनी म्हणाल्या, नुसतं 'भरलं' म्हण.

तिने तसं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मामांना छापलेल्या पानावर काही दिसणार नव्हतं. डोळे मुखपृष्ठावर गेले असते. अंक उचलला गेला असता आणि मालिकाही तिच्याकडे आली असती, हे संपादकबाईंच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. कुणाचंच वाईट झालं नसतं. आठ महिने ती हेच तर करत होती, आणि दर वेळी कुणाचंच वाईट झालेलं नव्हतं.

तिने ब्रश शलाकाच्या कपाळावर टेकवला. आधी भुवया गेल्या. डोळ्यांशी आल्यावर तिचा हात जड झाला. तिला ते डोळे मनापासून हवे होते, तिच्या मुलीला दाखवायचे होते. तिने ते भरले, आधी उजवा, मग डावा, मग तोंड, हनुवटी, गळ्याभोवतीच्या त्या राक्षसी पंजापर्यंत. संपादकबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"भरलं?" मामांनी विचारलं.

"भरलं."

मामा खुर्ची सरकवून पुढे आले. मान वळवून त्यांनी जागा हेरली, आणि उजव्या हाताचं मधलं बोट जिथे डोळे होते तिथे ठेवलं. शाई ओली होती. त्यांनी बोट अंगठ्यावर घासून बघितलं, एकदा, दोनदा. मामांनी तिच्या शब्दावर भरवसा ठेवला नव्हता आणि त्याबद्दल तक्रार करायला तिला तोंड नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिने मनगटाने पुसलं.

"पुढचा अंक हिच्याकडे द्या," मामा संपादकबाईंना म्हणाले. "तुम्हाला बोट लावून बघावं लागणार नाही. मी बघितलंय."